पर्यायी उमेदवार

सोमवार, ३

डॉक्टर म्हणाले, "साहेब, गोळी बदलून काही होणार नाही. तुम्ही दिवसभर बोलता, पण जे बोलायचं असतं तेवढंच नेमकं बोलत नाही. ते लिहून काढा, रक्तदाब आपोआप खाली येईल." म्हणून हा उद्योग. जेवणानंतर 'साहेब विश्रांती घेतायत' असं खाली सांगितलं जातं, त्या वेळात वरच्या खोलीत बसून लिहायचं. आजवर मी भाषणांखेरीज काही लिहिलेलं नाही. खरं सांगायचं तर भाषणंही वकीलच लिहून देतो. माझा वकील म्हणजे माझा मित्र, आणि निवडणुकीची सगळी कागदपत्रं त्याच्याकडे.

तर मनातलं. यंदा मला पक्षाची उमेदवारी मिळेल की नाही, बस, एवढंच आहे मनात. दुसरं काही नाही. पहिल्या खेपेला पडलो, मग लागोपाठ तीनदा आमदार झालो. गेल्या वेळी मात्र अगदी काठावर वाचलो. आता पक्षातच मास्तर म्हणून एक जण आहे, पूर्वी शिकवण्या घ्यायचा. तो अध्यक्षांच्या दाराशी खेटे घालतोय. परवा मला भेटला तर म्हणतो, "साहेब, थकल्यासारखे दिसता." थकल्यासारखे! माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान आहे बेटा.

फोन वाजला की धावत जातो. नाही वाजला तर चालू आहे की नाही ते बघायला जातो.

बुधवार, ५

मागच्या दाराचा मला वैताग आला आहे. पुढच्या दिवाणखान्यात माझी माणसं बसलेली असतात. ठेकेदार, बदल्यावाले, नोकरीवाले. सगळे कपड्यांना इस्त्री करून आलेले. आणि मागच्या दारात आमच्या हिच्याकडे येणाऱ्या बायका. सकाळपासून कुजबुज चालू. मी ओरडलो, "अगं, निवडणूक तोंडावर आलीय आणि तुझं काय हे गप्पांचं दुकान?" ही म्हणाली, "पाण्याला वास येतोय त्यांच्याकडे, तीन दिवस झाले." म्हटलं, येऊ दे, अर्ज देऊ दे, बघू.

संध्याकाळी पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरचा फोन आला. "साहेब, झालं हं तुमचं काम. फुटलेली लाइन बदलली." कुठलं काम ते मला ठाऊक नव्हतं, पण शाब्बास म्हणालो. न सांगता कामं होतात, याला म्हणतात दरारा. हे मास्तरला कधी जमायचं नाही.

रविवार, ९

पक्षाचा निरीक्षक येऊन गेला. हा माणूस प्रत्येक मतदारसंघात फिरून अध्यक्षांना कळवतो की कुणात किती दम आहे. म्हणजे माझं मरण त्याच्या हातात. मी नवीन शर्ट घातला होता. तो सोफ्याच्या कडेवर बसला, टेकला म्हणून नाही. टेकत नाहीत ती माणसं मला आवडत नाहीत.

"नाराजी कुठे आहे?" त्याने विचारलं.

"आपल्याकडे नाराजी नाहीच."

तेवढ्यात ही चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता म्हणाली, "नाल्यापलीकडे आहे की. दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून दोनदाच येतो, आणि तोही दुपारचा. बाळंतिणींचे हाल होतात."

मी डोळे वटारले. हिने कानाडोळा केला. निरीक्षकाने चहा बाजूला सारला, म्हणाला, "बसा ना वहिनी." आणि ही बसली! मग अर्धा तास दोघांचंच. कुठली गल्ली, कुठला रस्ता, कोण कुणावर चिडलंय. मी आपला बिस्किटांची बशी इकडून तिकडे सरकवत होतो.

जाताना दारात त्याने मला विचारलं, "निवडणुकीत वहिनी काय बघतात?"

"ती डमी असते," मी म्हणालो.

तो हसला नाही. डमी म्हणजे पर्यायी उमेदवार. मूळ उमेदवाराबरोबर पक्ष आणखी एकाचा अर्ज भरून ठेवतो. छाननीत मूळ अर्ज बाद झालाच, तर पक्षाची जागा रिकामी जायला नको. मूळ अर्ज पास झाला की डमीने माघार घ्यायची. घरचंच माणूस घेतात, कारण परक्याने ऐन वेळी माघार घेतली नाही तर काय घ्या! चारही वेळा ही माझी डमी होती. अर्ज भरतो त्याच दिवशी मी तिची माघारीच्या कागदावरही सही घेऊन ठेवतो, आणि तिचा प्रतिनिधी मीच असल्याने तो कागद मीच नेऊन देतो. तिला परत हेलपाटा नको.

तो गेल्यावर म्हटलं, "घरातलं बाहेर कशाला काढायचं?" तर म्हणते, "अहो, तो विचारत होता. आणि नाला काय आपल्या घरात आहे?"

आता तो वर काय सांगेल कोण जाणे. जीव नुसता टांगणीला लागलाय.

शुक्रवार, १४

काही नाही. अध्यक्षांच्या कार्यालयात फोन केला तर मीटिंगमध्ये आहेत. दुपारी केला तरी मीटिंगमध्ये. एवढ्या मीटिंगा कसल्या करतात?

ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, मास्तरांनी जीप रंगवायला टाकलीय." झालं, माझी पाचावर धारण बसली. जीप कुणी उगाच रंगवत नाही. जेवण गेलं नाही. हिने भाताची मूद मोडून पुढे केली, म्हणाली, "नाही मिळाली तर नाही मिळाली. जग बुडतंय का?"

माझं बुडतं. हे तिला कसं सांगू? आमदार नसेन तर सकाळी उठून मी काय करायचं, ते मला माहीत नाही. दुकान नाही, शेती नाही, छंद नाही. दिवाणखाना रिकामा होईल. लोक रस्त्यात ओळख देतील, पण थांबणार नाहीत. एका माजी आमदाराला मी स्वतः असंच हात हलवून पुढे जातो. त्याचा चेहरा दोन दिवस डोळ्यांपुढून हलत नाही.

मंगळवार, १८

मिळाली! अध्यक्षांचा स्वतःचा फोन. म्हणाले, "देतोय तुम्हाला. निरीक्षकाचा अहवाल चांगला आहे तुमच्या घराबद्दल." घराबद्दल म्हणाले. मला वाटतं घराणं म्हणायचं असेल. "आणि पर्यायी म्हणून वहिनींचं नाव मीच लिहिलंय पत्रात." दरवेळी ते मला सुचवावं लागतं. म्हटलं बरं झालं, तेवढंच एक बोलणं वाचलं.

मास्तरने आता जीप पुन्हा जुन्या रंगात रंगवावी.

हिला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं. आता तरी जेवा." आणि जाता जाता, "नाल्यापलीकडच्या दवाखान्याचं तेवढं भाषणात घ्या." म्हटलं, वकिलाला सांगतो.

गुरुवार, २०

आज अर्ज भरला. शेवटचा दिवस मी मुद्दामच निवडतो, गर्दी मावत नाही. उद्या छाननी. बँड होता, उघडी गाडी होती, मागे मोटारसायकली. रस्ता जाम. लोक खिडक्यांतून हात हलवत होते. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच मला श्वास पुरला.

निवडणूक अधिकारी एक बाई आहेत, नवीनच बदलून आलेल्या. चेहऱ्यावरची माशी हलत नाही. आत पाचच माणसांना परवानगी. मी अर्ज दिला, हिने तिचा दिला. बाई एकेक पान उलटत होत्या. बाहेर लोक माझ्या नावाने ओरडत होते, फोटोग्राफर गॅलरीत येऊन "साहेब, उजेड जातोय" म्हणून घाई करत होते. मी उठलो. बाई म्हणाल्या, "साहेब, एक मिनिट, अजून राहिलंय."

"राहिलेलं वकील बघतील," म्हणालो आणि गॅलरीत गेलो. काय ती गर्दी! दोन्ही हात वर केले तर असा आवाज उठला की काचा थरथरल्या. वकील माझ्या उजव्या हाताला उभा होता, सगळ्या फोटोत आलाय. आतून हिचा आवाज येत होता, काहीतरी मोठ्याने वाचत होती. बाईंनी कसलातरी कागद वाचायला लावला असावा. नवीन अधिकारी असेच नाकाने कांदे सोलतात.

ही गॅलरीच्या दारात येऊन म्हणाली, "अहो, त्या बाई तुम्हाला आत बोलावतायत." मी म्हटलं, आलोच, आणि खांद्यावरच घेतलं मला पोरांनी, जिन्यावरून थेट खाली.

गाडीत ही पुन्हा म्हणाली, "तुमचं राहिलंय तिकडे. त्या थांबल्या होत्या." मी लोकांना हात दाखवत होतो. म्हटलं, वकील आहे ना.

घरी पोचतो न पोचतो तोच तिसऱ्यांदा. "त्या ऑफिसातून फोन आला होता. शपथेचं काहीतरी आहे, आजच व्हायला हवं म्हणाल्या. सातपर्यंत बसणारेत."

मी हसलो. "अगं, शपथ निवडून आल्यावर असते. आत्तापासूनच निवडून आलो की काय मी?" खाली सगळे हसले. चांगला विनोद झाला.

मग वर येऊन अध्यक्षांना फोन लावला, गर्दीचं सांगितलं. तेही खुशीत होते. विचारलं, वहिनींचाही अर्ज झाला ना? म्हटलं, "डमीचं काय हो, सही करते, घरी येते, चहा टाकते." अध्यक्ष हसले, पण जरा उशिरा हसले. ते असो. माघारीच्या कागदावर हिची सही सकाळीच घेतली आहे, माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे.

हे सगळं आज संध्याकाळी लिहितोय, कारण आज दुपारी विश्रांती कुठली! आज झोप लागेल.

शुक्रवार, २१

अर्ज बाद.

माझा.

अर्ज दिल्यानंतर उमेदवाराने अधिकाऱ्यासमोर शपथ वाचायची असते, आणि ती छाननीच्या आदल्या दिवसापर्यंतच. न वाचणाऱ्याचा अर्ज उभा राहत नाही. चार वेळा मी ती वाचली असणार. असणार म्हणतोय, कारण मला आठवत नाही. वकील शेजारी उभा राहतो, जो कागद पुढे करील तो मी वाचतो, बोट ठेवील तिथे सही करतो. काल तो शेजारी नव्हता. म्हणजे होता, गॅलरीत.

मी त्याला तिथेच सर्वांसमोर विचारलं, "तू कुठे होतास?"

"साहेब, तुमच्याबरोबर. फोटोत."

बाई शांतपणे म्हणाल्या, "मी आपल्याला थांबायला सांगितलं होतं. पावतीवर लिहूनही दिलंय. फोनही केला." मग दुसरा अर्ज उचलला. "यांची शपथ झालेली आहे. अर्ज वैध." आणि हिच्याकडे पाहून म्हणाल्या, "आपण आता पक्षाच्या अधिकृत उमेदवार."

ही उठून उभी राहिली. माझ्याकडे बघितलं नाही.

अध्यक्षांचा फोन गाडीतच आला. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "वाईट झालं. पण पक्षाला उमेदवार आहे. तुम्ही आता घरचे म्हणून कामाला लागा." घरचे म्हणून! मी हे शब्द किती वेळा कुणाकुणाच्या बायकांना ऐकवलेत.

शनिवार, २२

सकाळपासून वरच आहे. खाली आवाज चालू आहेत, पण मला कुणी हाक मारत नाही. वकील आला होता, कोर्टात जाऊ म्हणतो. मग आवाज खाली आणून, "साहेब, तो माघारीचा कागद आहे ना तुमच्याकडे? सोमवारी तीनपर्यंत वेळ आहे." मी म्हटलं, चालता हो. तो गेला. कागद मात्र डोक्यातून जाईना. दिला तर पक्षाला इथे उमेदवारच नाही. मग कळेल सगळ्यांना, मी नसलो की काय होतं ते.

दुपारी ही ताट घेऊन वर आली. मी न राहवून विचारलं, "तुला माहीत होतं?"

"काय?"

"शपथ राहिली की अर्ज बाद होतो, हे."

"त्या बाईंनी मला वाचायला दिली तेव्हाच सांगितलं. म्हणून तर तुम्हाला सांगत होते. तीनदा सांगितलं."

"चौथ्यांदा सांगायचं! हाताला धरून न्यायचं! वीस वर्षांत एवढा हक्क नाही का?"

तिने ताट टेबलावर ठेवलं. ठेवताना वाटी हलली, आमटी सांडली, तिने पदराने पुसली.

"चौथ्यांदा सांगायलाच निघाले होते," ती म्हणाली. "सहा वाजून गेले होते. गाडी काढायला सांगून आले होते ड्रायव्हरला. जिन्यापर्यंत आले. वर तुम्ही फोनवर बोलत होता. सही करते, घरी येते, चहा टाकते."



"मग?"

"मग परत खाली गेले. ड्रायव्हरला म्हटलं, राहू दे." वाटी सरळ करत म्हणाली, "चहा नव्हता टाकला त्या दिवशी. तुमच्या लक्षातही आलं नाही."

ती रडली नाही. मी रडलो, ती खाली गेल्यावर. राग येतोय, भयंकर राग येतोय. माझ्याच घरात, माझ्याच जिन्यात माझं सगळं संपवलं हिने. आणि मग वाटतं, तीनदा सांगणाऱ्या माणसाने आणखी काय करायचं असतं? सकाळी एक वाटतं, दुपारी दुसरं. गोळी दोनदा घेतली.

एक कळत नाही. माघारीचा कागद माझ्या खिशात आहे, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तिने तो परत का मागितला नाही?

सोमवार, २४

कोट घातला. ड्रायव्हरला म्हटलं, निवडणूक कार्यालय. त्याने आरशात माझ्याकडे पाहिलं आणि गाडी काढली. आज बँड नाही, काही नाही. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने ओळखलं, हात हलवला, हिरवा लागला तसा पुढे गेला. मी त्या माजी आमदाराला जसा हात हलवतो, अगदी तसा.

बाहेरच्या बाकावर बसलो. खिशावर हात ठेवून बसलो होतो, समोरच्याला वाटावं छातीत दुखतंय. दोन अपक्ष आले, कागद देऊन गेले. मास्तर त्यांच्याबरोबर आला होता, मला पाहून थबकला. म्हणाला, "साहेब, तुम्ही इथे?" मग माझा हात कुठे आहे ते पाहिलं, आणि त्याचे डोळे एकदम चमकले. हिच्या माघारीचा कागद मीच नेऊन देतो हे पक्षात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि आमचं घर बुडालं की पुढची उमेदवारी त्याचीच. माझ्या शेजारी येऊन बसला. पाणी हवं का, पंखा मोठा करू का. इतक्या प्रेमाने तो माझ्याशी आजवर बोललेला नाही.

ते प्रेम बघून मला शिसारी आली.

बाई दाराशी आल्या. "साहेब, बाहेर का बसलात? काही राहिलंय का?"

मी उठलो. आत गेलो. त्याच खुर्चीवर बसलो. टेबलावर काचेखाली ती शपथ ठेवलेली होती, छापील. पहिल्यांदाच नीट वाचली. चार ओळी आहेत, वाचायला चहा ओतण्याइतकाही वेळ लागत नाही.

"नाही," मी म्हणालो. "काही राहिलेलं नाही."

तीन वाजल्यावर शिपायाने दार लावून घेतलं. मास्तर निघून गेला.

घरी आलो तर मागचं दार बंद. त्या सगळ्या बायका पुढच्या दिवाणखान्यात, सोफ्यावर, जमिनीवर, जिथे जागा मिळेल तिथे. माझे इस्त्रीवाले भिंतीला टेकून उभे. माझी खुर्ची रिकामी होती. ही तिच्या शेजारी स्टुलावर बसून कुणाचंतरी ऐकत होती. मला बघून उठली, स्वयंपाकघरात आली. मी कागद काढून तिच्या हातात दिला.

तिने घडी उघडली, स्वतःची सही पाहिली, पुन्हा घडी घातली. ओट्यावर तिचं ताट झाकलेलंच होतं. म्हणजे तीही आज तीन वाजेपर्यंत जेवली नसणार.

"परत का नाही मागितलास?" मी विचारलं.

"मागितला असता तर दिला असता?"

मी विचार केला. "नाही."

"म्हणून."

गॅसवर चहाचं पाणी उकळत होतं. मीच दोन कप काढले. कुठे ठेवलेले असतात ते शोधायला वेळ लागला, तिने सांगितलं नाही, बघत उभी राहिली. मग म्हणाली, "उद्या पहिली सभा आहे, नाल्यापलीकडे. मला अजून नीट बोलता येत नाही. माझ्याबद्दल तुम्ही बोलाल?"

एकदाच विचारलं. मी हो म्हणालो.

वर येऊन भाषण लिहायला बसलो, तेव्हापासून एक ओळ झालेली नाही. वकिलाला विचारून उपयोग नाही, त्याला माझ्याबद्दलच लिहिता येतं. हिच्याबद्दल काय सांगायचं? पाण्याची लाइन कुणी बदलून घेतली, ते काल ड्रायव्हर बोलून गेला तोवर मला ठाऊक नव्हतं. आणखी काय काय ठाऊक नाही, देव जाणे. आत्ता जिन्यापर्यंत जाऊन आलो. खाली तिचा आवाज येतोय, कुणालातरी दवाखान्याच्या वेळा समजावून सांगतेय. तिथेच थोडा वेळ उभा होतो.

आता जातो खाली. तिलाच विचारतो.